विहीर आल्याशिवाय थांबायचं नाही

दिगू,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी वाद घालत होतो. कृषी केंद्राचा धंदा म्हणजे अर्धा वादच, तुला माहीत आहे. त्याला सोयाबीनचं तेच वाण हवं होतं जे तो वर्षानुवर्षं पेरत आला होता आणि ज्यानं त्याला अलीकडे सरळसरळ दगा दिला होता. मी नव्या वाणाची पिशवी पुढे सरकवायचो, तो ती मागे सरकवायचा. "मले तेच पायजे," याच्या पलीकडे त्याचं म्हणणं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून कोणीतरी इंग्रजीत बोलत होतं, तुझं नाव घेत होतं, तुझ्या कंपनीचं नाव घेत होतं. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं माहीत आहे? की चला, या लोकांनी शेवटी मोबाईल हातात घेतला. बातमी आत शिरायला वेळ लागतो, तोवर माणूस जुन्याच थट्टेवर चालत राहतो.

गिऱ्हाइकाला मी त्याचं जुनं वाण देऊन टाकलं. त्या दिवशी कोणाशी भांडायची ताकद नव्हती.

तू जपानात नेमकं काय करतोस हे जानेफळात कोणाला धड सांगता आलं नाही. "टीव्हीतले खेळ बनवते," असं तुझी आई सांगायची आणि विषय बदलायची. मी जरा शहाणा म्हणून लोक मला विचारायचे. मी म्हणायचो, आपल्या जन्माच्या आधीपासून खेळ बनवणारी एक कंपनी आहे, आणि ती माझ्या गिऱ्हाइकांसारखी आहे. जग बदललं तरी तिला मागच्या वर्षीचंच पाहिजे असतं. सगळं जग काचेवर बोट फिरवून खेळायला लागलं, तरी ही मंडळी म्हणत होती की खेळायला बटणच पाहिजे, बोटाखाली दबलं पाहिजे. तुझे थोरले साहेब नवा खेळ तयार झाला की डोळे मिटून बटणं दाबून पाहायचे, आणि हाताला पटलं नाही तर सगळं परत पाठवायचे. हे तू मला सांगितलंस तेव्हा आधी आपण दोघं पोट धरून हसलो होतो. नंतर नंतर तू सांगताना हसेनासा झालास. माझ्या ते उशिरा लक्षात आलं.

सुरुवात कुठे झाली ते तरी तू विसरला नव्हतास ना? मेहकरला बसस्टँडच्या मागे एकाने दोन टीव्ही मांडून गेमचं दुकान टाकलं होतं. आपण शाळा बुडवून एसटीने जायचो. खेळाची कॅसेट लागली नाही की तो मालक ती काढून तिच्यात फुंकर मारायचा, आणि ती लागायची. तुझा हात चांगला होता. तू पुढे पुढे जायचास, मी शेजारी बसून ओरडायचो. आणि मग लाइन जायची. टीव्ही टिचकी मारल्यासारखा बंद. लाइन आली की खेळ पहिल्यापासून. एकदा तू इतका पुढे गेला होतास की मालकसुद्धा गिऱ्हाईक सोडून मागे येऊन उभा राहिला होता, आणि तेव्हाच लाइन गेली. परतीच्या बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसलास. उतरताना एवढंच म्हणालास, "मी असा खेळ बनवीन इलास, लाइन गेली तरी जाणार नाही."

मी तेव्हा हो म्हटलं. पोट्टं आहे, बोलून राह्यलं, असं मनात म्हटलं.

पण तू शिकलास, जपानी भाषा शिकलास, तिथे जाऊन त्याच जुन्या कंपनीच्या दारात उभा राहिलास. आणि पहिल्याच वर्षी तू भांडण काढलंस. खेळ कुठेही थांबवता आला पाहिजे, माणूस जिथे असेल तिथे खेळानं ते लक्षात ठेवलं पाहिजे. कंपनीचा नियम होता की ठरावीक ठिकाणी पोचल्याशिवाय खेळ काही लक्षात ठेवत नाही. तिथवर चालायचं, पोचायचं, मग विसावा. बैठकीत कोणीतरी शांतपणे म्हणालं, इथे वीज जात नाही. तू म्हणालास, माझ्या गावात जाते. सगळे हसले, पण वाईट हसले नाहीत, असं तूच सांगितलंस.

तिथली पद्धत मला अजून आठवते. काही बदलायचं तर कागद टेबलामागून टेबल फिरतो आणि प्रत्येक जण त्यावर आपला शिक्का मारतो. खालच्या माणसाने शिक्का जरासा तिरपा मारायचा, वरच्याच्या शिक्क्यापुढे मान लववल्यासारखा. तुझा कागद दरवर्षी असे लवलेले शिक्के घेऊन वरपर्यंत जायचा आणि थोरल्या साहेबांच्या टेबलावरून तसाच परत यायचा. तू दर रविवारी फोन करायचास आणि शिव्या घालायचास. मी म्हणायचो, सोड ती कंपनी. तू म्हणायचास, "सोडतो कायले? बदलवून दाखवतो."

पालथ्या घड्यावर पाणी, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं.

मग तुला तुझा स्वतःचा खेळ करायला मिळाला. एक माणूस कंदील घेऊन लांब रस्त्याने निघालेला. मध्ये गावं, नाले, रानं, आणि बऱ्याच अंतराने एकेक विहीर. विहिरीतून पाणी शेंदायचं, काठावर बसायचं. त्यासाठी तू मला आपल्या शेतातल्या विहिरीवर पाठवलंस, कप्पीचा आवाज फोनवर भरून घ्यायला. नुसती कोरडी कप्पी नको, भरल्या बादलीची पाहिजे. मी सकाळी जाऊन बादल्या शेंदत बसलो, सालदार मला वेड लागलं समजून बघत होता. फोनवर खेळ नको म्हणणाऱ्या तुझ्या कंपनीला माझ्या फोनातला आवाज मात्र चालला. पण एक सांगतो. जगात कुठे कुठे लोक तो खेळ खेळले, आणि त्या सगळ्यांच्या कानात जानेफळची कप्पी कुरकुरली. एवढी मोठी गोष्ट मला आयुष्यात दुसऱ्या कोणी दिली नाही. हे तुला कधी म्हटलं नाही. आपल्यात असं म्हणायची रीतच नव्हती.

खेळ झाला आणि तू दिवाळीला आलास. दुकानाच्या मागे पोत्यांवर बसून मी विचारलं, "मंग? आता तं कुठंबी थांबता येत असन."

तू म्हणालास, "नाही."

"नाही म्हंजे?"

"विहीर आल्याशिवाय थांबायचं नाही."

"काऊन बे? याच्यासाठीच भांडत होता ना तू जलमभर?"

"भांडत होतो. आता समजून राह्यलं मले."

"काय समजून राह्यलं? लाइन गेली तर?"

"गेली तर गेली. पुन्हा निघायचं."

मी तुला पुष्कळ बोललो त्या दिवशी. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तेही म्हणून झालं. तू शेंगदाणे खात ऐकत राहिलास. शेवटी म्हणालास की खेळ जातो, पण चाललेला रस्ता जात नाही. मला ते पटलं नाही. जपानी पाणी लागलं याला, एवढंच मी मनाशी म्हटलं. तो वाद तिथेच राहिला, आणि त्यानंतर प्रत्येक दिवाळीला आपण तो फराळासारखा काढून बसायचो.

माझा राग नुसता तत्त्वाचा नव्हता, दिगू. राग होता तो काकूंसाठी, तुझ्या आईसाठी. खेळाच्या अगदी शेवटी तू आपली विहीर केली आहेस हे तू फक्त आम्हा दोघांना सांगितलं होतंस. तोच निंब, तीच पायरी तुटलेली, आणि निंबाखाली डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसलेले तुझे वडील, आबा. ते गेले तेव्हा तू कॉलेजातही पोचला नव्हतास, आणि त्यांचा धड एक फोटो घरात नाही. काकूंच्या मनात ते घर करून बसलं. त्यांना तिथवर जायचं होतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा पिकत चाललेला. त्या सुट्टीत तू टीव्हीला खेळाचं मशीन लावून दिलंस, मी काकूंना रस्ता दाखवत खेळलो, आणि पहिल्या विहिरीच्या अलीकडेच लाइन गेली. तू इन्व्हर्टर पाठवलास. काकूंनी तो भजनी मंडळाला देऊन टाकला, कारण लाइन गेल्यावर घरात उजेड असला की शेजारच्या बाया ओट्यावर येऊन बसत नाहीत. तुला वाटायचं हट्ट तू जपानातून शिकलास. अरे, तो तुझ्या घरचाच होता.

मी म्हटलं, इंटरनेटवर लोकांनी तुझा खेळ शेवटपर्यंत खेळून त्याचा व्हिडिओ टाकलेला आहे, तोच काकूंना मोबाईलवर दाखवतो. तू म्हणालास, ती पाहायची जागा नाही, पोचायची आहे. मी तुझं न ऐकता काकूंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या पायानं कायले जाऊ मी?" आता बोल. माय तसा लेक.

नंतर जग एवढं पुढे गेलं की तुझ्या कंपनीचाही नाइलाज झाला. जुने खेळ मोबाईलवर आणायचे ठरले, कुठेही थांबता येईल असे. म्हणजे तू विशीत जे मागत होतास तेच. आणि तू नाही म्हणालास. फोनवर मला ऐकवलंस की काचेवर दोर हाताला लागत नाही, बादलीचं वजन कळत नाही. तुझ्या कंपनीचा सुंभ जळला, पीळ तेवढा तुझ्यात राहिला. मी फोन ठेवून दिला होता. पुढच्या रविवारी तू पुन्हा केलास, आपण पिकापाण्याचं बोललो, हा विषय दोघांनीही काढला नाही.

आणि मग तू गेलास. ऑफिसच्या जिन्यात, मध्येच, काही न सांगता. लाइन गेल्यासारखा.

अस्थी घेऊन थोरले साहेब स्वतः आले. तुझ्यापेक्षा कितीतरी म्हातारा माणूस, भर उन्हात काळा कोट. सोबत दुभाषी म्हणून पुण्याची एक मुलगी. पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी त्यांनी एसटी स्टँडपासून घरापर्यंत छातीशी धरून आणली, कोणाला हात लावू दिला नाही. पैनगंगेवर आमच्यासोबत पाण्यात गुडघाभर उभे राहिले, बूट हातात घेऊन. मला त्या माणसाचा फार वर्षांचा राग होता. तो तिथेच ओसरला.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ते काकूंसमोर चटईवर बसले. मुलगी सांगत होती, "आजी, ते म्हणतायत, त्यांच्या कंपनीची जुनी पद्धत आहे. ज्यानं खेळ केला, त्याच्या होकाराशिवाय त्यात बदल करत नाहीत. बाकीचे सगळे खेळ मोबाईलवर आले. फक्त तुमच्या मुलाचा राहिलाय. ते म्हणतायत, आधी कित्येक वर्षं मी त्याला नाही म्हणत होतो, नंतर तो मला नाही म्हणू लागला. आता घरच्यांना विचारायला आलोय."

काकूंनी पदर सावरला. "म्हंजे मधात लाइन गेली तरी खेळ राहीन?"

"हो आजी. कुठेही थांबता येईल."

"आन् दिगू नाही म्हणत होता. काऊन?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, का, असं विचारतायत. थोरले साहेब बराच वेळ बोलले. मुलीने थोडक्यात सांगितलं की, त्याचं म्हणणं होतं, चालणाऱ्यानं स्वतः विहिरीपर्यंत पोचावं.

मला काय वाटतं ते काकूंना माहीत होतं, आणि तुला काय वाटायचं तेही.

काकू त्या मुलीलाच म्हणाल्या, "नववीत असन. मेहकरहून आल्ता. लाइन गेल्ती म्हणे त्याच्या खेळात. या उंबऱ्यावर बसून रडला, जेवला नाही राती. बापानं समजावलं तरी नाही. मोठं झाल्यावर माणूस विसरते. मी नाही विसरली. सांग त्याइले, करा म्हणा. लोकायचे पोट्टे रडले नाही पायजे."

तू बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलास ते मला माहीत होतं. घरी जाऊन रडलास हे माहीत नव्हतं.

होकार कागदावर पाहिजे होता, शिक्क्यासकट. काकूंनी अंगठा दिला. थोरल्या साहेबांनी तो कागद डोळ्यांजवळ नेला आणि काहीतरी पुटपुटले. मुलगी म्हणाली, "ते म्हणतायत, शिक्का अगदी सरळ आहे." मला हसू आलं, आणि लगेच दुसरंही काही आलं. मी बाहेर ओट्यावर गेलो. वाद मी जिंकलो होतो दिगू, इतक्या वर्षांचा, आणि रविवारी कोणाला सांगायचं ते मला कळेना. खरं सांगायचं तर जिंकल्यासारखं वाटतच नव्हतं.

आत गेलो तर काकू मशीनकडे बोट दाखवून विचारत होत्या, "याच्यात त्यानं केलेलाच आहे ना? कोणी हात नाही घातला?"

"नाही आजी, हा जुनाच आहे."

"मंग इलास, मले हाच लावून दे."

मी म्हटलं, "काकू, थोडं थांबा. नवा आला की पोचता येईन तुमाले आरामात. डोळे आहेत तोवर."

"लोकायचं लोकायले. माझ्या लेकाचं मले."

तेव्हापासून दुकान बंद केलं की मी तुझ्या घरी जातो. रिमोट आता काकूंच्याच हातात असतो. पहिले काही दिवस कंदीलवाला नुसता भिंतीवर धडका घेत होता आणि काकू त्याला शिव्या देत होत्या. मग वळायला लागला. परवा त्या पहिल्या विहिरीवर पोचल्या. मी सांगितलं, हे बटण दाबत राहा, दोर वर येईल. कप्पी कुरकुरली, आपलीच. बादली पाण्यात बुडाली तसा तो रिमोट त्यांच्या हातात थरथरायला लागला. त्या एकदम थांबल्या. त्यांनी दोन्ही हातांनी तो घट्ट धरला आणि कमरेतून जरा मागे रेलल्या, शेतात शेंदताना रेलायच्या तशा.

"भरली," त्या म्हणाल्या. "जड आहे."

काचेवर हे झालं नसतं. कबूल. एवढं एक कबूल. बाकी तू चुकीचाच होतास आणि हे मी सोडणार नाही, तू नसलास तरी.

काल आम्ही दुसऱ्या विहिरीकडे निघालो होतो. रान ओलांडलं, नाल्यावरचा पूल आला, लांब विहिरीचा काठ दिसायला लागला. काकू पुढे सरकून बसल्या होत्या. अजून चार पावलं असतील. आणि लाइन गेली.

दिवेलागणीची वेळ. बाहेर अजून थोडा उजेड होता, शेजारच्या बाया ओट्यावर येऊन बसायला लागल्या होत्या. मी तुला मनातल्या मनात एक कचकचीत शिवी दिली. काकूंच्या हातात रिमोट तसाच होता. मला वाटलं त्या रडतील, म्हणून मी मोबाईलचा उजेड पाडला नाही.

"काकू," मी म्हटलं, "पहिल्या विहिरीपासून जावं लागन पुन्हा."

"जाऊ ना," त्या म्हणाल्या. "ते दोघं बापलेक कुठं जाऊन राह्यले?"